प्लॅन दोनशेचा आणि बेडरूममध्ये वीसच: वेग नेमका कुठे अडतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे, फ्लॅट दोन बेडरूमचा आहे आणि कंपनीने दिलेला राउटर हॉलमध्ये बसवला आहे. मागच्या बेडरूममध्ये मोबाइलवर वेग तपासला तर तो १८ ते २५ च्या पुढे जात नाही, आणि रात्री नऊनंतर ऑफिसची मीटिंग सुरू असताना आवाज तुटतो, चित्र अडकते. आधीचा प्लॅन १०० चा होता, तो वाढवून २०० चा केला, तरी बेडरूममधला आकडा हलला नाही. ग्राहक सेवेने "आमच्या बाजूने लाइन व्यवस्थित आहे" असे सांगून तक्रार बंद केली. आता नवा राउटर घ्यावा की कंपनीच बदलावी, असे आपण विचारले आहे.

या दोन्हींपैकी काहीही तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात घरे, दवाखाने आणि लहान कार्यालये यांच्या इंटरनेटची अंतर्गत जोडणी करून देण्याचे काम मी अठरा वर्षे करतो आहे. या काळात लोकांचे सर्वाधिक पैसे वाया गेलेले मी पाहिले ते दुखणे कुठे आहे हे न शोधता केलेल्या खरेदीमुळे. आपल्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहिली आहे: प्लॅन दुप्पट केला तरी बेडरूममधला आकडा तसाच राहिला. अडथळा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये असता, तर प्लॅन बदलल्यावर आकडा थोडा तरी बदलला असता. तो बदलला नाही, म्हणजे बेडरूममधला वेग घराच्या आतच, बहुधा वायफायवर, अडतो आहे. रात्री आवाज तुटणे हे मात्र वेगळे दुखणे असू शकते. "नेट स्लो आहे" या एकाच तक्रारीखाली आपण दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही.

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी आकड्यांबद्दल एक खुलासा करतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी काही इथेच मिटतात. प्लॅनमधला 'एमबीपीएस' म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. संगणकावर फाइल उतरवताना जो वेग दिसतो तो बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये असतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे २०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला २२ ते २५ मेगाबाइट या वेगाने उतरत असेल, तर आपल्याला पूर्ण वेग मिळतो आहे. आपण वेग तपासणाऱ्या अ‍ॅपमध्ये एमबीपीएसमध्येच पाहिला असे लिहिले आहे, म्हणून आपल्या बाबतीत हा घोटाळा नाही, असे मी धरून चालतो.

पहिली चाचणी तारेने करावी, आणि ती झाल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये. फायबरची बारीक तार ज्या डब्यात येऊन संपते त्याला ओएनटी म्हणतात. आजकाल राउटर आणि ओएनटी बहुतेक एकाच डब्यात असतात. या डब्याच्या मागच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे नेटच्या तारेसाठी असलेल्या चौकोनी खाचेत, लॅनची तार लावून तिचे दुसरे टोक लॅपटॉपला जोडावे, लॅपटॉपचे वायफाय बंद करावे, घरातले मोबाइल आणि टीव्ही पाच मिनिटांसाठी वायफायवरून काढावेत आणि मग वेग तपासावा. हीच चाचणी सकाळी सातला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा करावी. वेग तपासणारे अ‍ॅप बहुधा जवळचा सर्व्हर स्वतःच निवडते आणि तो अनेकदा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरही एकदा तपासून पाहावे. फास्ट डॉट कॉम हे संकेतस्थळ नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते, त्यामुळे जोडीला ते वापरणे सोयीचे पडते. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीला लागणारे छोटे अ‍ॅडॉप्टर एखाद्या ओळखीच्याकडून एक दिवसासाठी मागून आणावे. मात्र ते गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंत चालणारे, आहे ना, हे पाहून घ्यावे.

तारेच्या या चाचणीत ९४-९५ असा आकडा येऊन तिथेच थांबला, तर तो नीट लक्षात घ्यावा. हा आकडा दिसला की मी कंपनीला फोन करत नाही, आधी तार हातात घेतो. लॅनच्या तारेत आठ वाहक असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या जोड्यांतला एखादा वाहक तुटला, तर जोडणी बंद न पडता गुपचूप १०० वर उतरते, आणि प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात. कोथरूडच्या एका घरात ३०० चा प्लॅन होता आणि सात महिने त्यांना ९४ मिळत होते. हॉलमधून अभ्यासिकेकडे गेलेली तार बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खोबणीतून नेली होती. दार रोज तिच्यावरून सरकत होते. बाहेरून तार शाबूत दिसत होती, पण दाबलेल्या जागी आवरण सोलले तेव्हा तपकिरी रंगाचा वाहक आत तुटलेला निघाला. तेवढा तुकडा कापून दोन्ही बाजूंना नवे कनेक्टर मारले, तार दाराच्या वरून फिरवली आणि त्याच प्लॅनवर, त्याच डब्यावर २८० च्या पुढे वेग आला. डब्याचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असेल तरी आकडा हाच येतो. जुन्या डब्यांत असे पोर्ट सर्रास आढळतात. तसे असल्यास डबा बदलून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, कारण २०० चा प्लॅन विकून १०० चा पोर्ट देणे हे ग्राहकाची फसगत करण्यासारखे आहे.

तारेने सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा १८० ते २०० मिळाले, तर कंपनी खरे बोलत होती असे मानावे आणि लक्ष वायफायकडे वळवावे. आपण दिलेल्या माहितीवरून बेडरूमच्या बाबतीत हेच निघेल, असा माझा अंदाज आहे. म्हणून या भागावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्या डब्यातून दोन पट्ट्यांवर वायफाय निघत असावे: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याचा पल्ला लांब असतो, भिंतीतून ते बऱ्यापैकी पार होते, पण त्याची जागा फार अपुरी आहे. आपल्याकडे या पट्ट्यात १३ चॅनेल वापरता येतात. मात्र शेजारच्या दोन चॅनेलमधले अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि एका चॅनेलचा विस्तार सुमारे २० मेगाहर्ट्झ असल्याने ते एकमेकांवर चढतात. एकमेकांना त्रास न देणारे १, ६ आणि ११ हे तीनच उरतात. आता आपल्या बेडरूममध्ये उभे राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडून पाहा. मोठ्या सोसायटीत वीस-तीस नावे सहज दिसतात. ही सगळी मंडळी त्या तीन चॅनेलवर दाटीवाटीने बसलेली असतात, आणि वायफायचा नियम असा आहे की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. दोन अँटेना असलेला मोबाइल २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर कागदावर १४४ चा वेग दाखवतो. जागा मोकळी असेल तर हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतो, आणि गर्दीत १५ ते ३०. आपले १८ ते २५ या चित्रात चपखल बसतात. आपला मोबाइल बेडरूममध्ये २.४ वर आहे, असे मी पैजेवर सांगेन.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे. २०१८ मध्ये भारतात या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरण्यास खुला झाला, त्यामुळे चॅनेल अधिक मिळतात आणि तेही रुंद. दोन अँटेनांचा साधा आधुनिक मोबाइल ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ८६६ ची जोडणी दाखवतो, आणि त्याच खोलीत २०० चा प्लॅन पूर्ण मिळणे अगदी सोपे असते. अडचण भिंतींची आहे. विटांची एक भिंत ५ गिगाहर्ट्झला सोसते, दुसरी जड जाते, आणि वाटेत सळयांचा आरसीसी खांब, कपाटाला लावलेला मोठा आरसा, फ्रीज, स्टीलच्या भांड्यांची मांडणी किंवा पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी आली तर फारच थोडे पार जाते. मोबाइलला ५ चा संकेत अगदी क्षीण झालेला दिसला की तो आपण होऊन २.४ वर सरकतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर हे केव्हा झाले ते आपल्याला कळतही नाही. म्हणून तपासणीपुरती तरी डब्याच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, मोबाइल ५ वर बांधावा आणि डब्यापासून दोन मीटरवर, मग बेडरूमच्या दारात, मग पलंगावर अशा तीन ठिकाणी वेग मोजावा. कोणत्या पावलाला आकडा कोसळतो तिथेच आपली भिंत आहे. मोबाइलवर सिग्नल डीबीएममध्ये (संकेताची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत जोरदार) दाखवणारी वायफाय अ‍ॅनालायझरसारखी अ‍ॅप मिळतात. त्यात उणे ५० च्या आसपास आकडा असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत मीटिंग चांगली चालते आणि उणे ७५ च्या खाली गेल्यावर तक्रारी सुरू होतात, असा माझा अनुभव आहे.

आता डबा कुठे ठेवला आहे ते पाहा. तो कुठे बसतो हे बहुतेक घरांत फायबर ओढायला आलेला मुलगा ठरवतो, आणि त्याच्या दृष्टीने तार आत येते तीच जागा सोयीची असते. म्हणून डबा मुख्य दाराजवळ, विजेच्या फ्यूजच्या पेटीशेजारी किंवा टीव्ही युनिटच्या आत जाऊन बसतो. टीव्ही युनिट ही त्यातली सर्वांत वाईट जागा. मागच्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. त्यांनी डबा टीव्हीच्या मागच्या खणात ठेवला होता, खणाला झडप होती, डब्यावर सेट-टॉप बॉक्स होता आणि पुढे ५५ इंची टीव्हीची धातूची पाठ. डब्याला हात लावला तर चटका बसेल इतका तो तापला होता. आम्ही तो काढून बेडरूमकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, छातीच्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवला. दुसरे काहीही केले नाही. पलंगावर २२ मिळत होते तिथे १२० मिळू लागले. प्रत्येक घरात इतका फरक पडेल असे मी म्हणणार नाही, कारण ते भिंतींवर अवलंबून आहे. पण पैसे न लागणारा एवढा परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही.

डबा हलवताना फायबरची काळजी घ्यावी. ती काचेची तार आहे. चहाच्या बशीपेक्षा लहान वेटोळे करू नये, खिळ्याने ठोकू नये, आणि दारात किंवा खिडकीत दाबली जाऊ देऊ नये. डब्यात जाणारा हिरवा कनेक्टर शक्यतो स्वतः काढू नये. काढावाच लागला तर त्याच्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा प्रकाश अडवतो. हिरव्याच्या जागी निळा कनेक्टरही चालवून घेऊ नये, कारण दोन्हींची टोके वेगळ्या कोनात घासलेली असतात. तार पुरत नसेल तर कंपनीच्या माणसाकडून लांब पॅच कॉर्ड बसवून घ्यावी.

जागा बदलूनही मागच्या खोलीत वेग पोहोचत नसेल, तर दुसरा डबा लागेल हे मान्य करावे. इथे लोक दुकानातून रिपीटर आणतात, तो बेडरूममध्येच लावतात आणि निराश होतात. रिपीटरला जो संकेत मिळतो तोच तो पुढे देतो. जिथे मोबाइलला धड संकेत मिळत नाही तिथे रिपीटरलाही मिळणार नाही. शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकणे आणि बोलणे अशी दोन्ही कामे करणारा रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. माझी पसंती नेहमी एका तारेला असते: हॉलमधल्या डब्यापासून बेडरूमपर्यंत कॅट-६ ची तार न्यावी आणि तिकडे साधा दुहेरी पट्ट्यांचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेले नेट फक्त वायफायने पसरवण्यासाठी, लावावा. अनेक फ्लॅटमध्ये जुन्या केबल टीव्हीसाठी भिंतीत घातलेली नळी रिकामी पडून असते. तिच्यातून तार ओढता येते का ते आधी पाहावे. भाड्याचे घर असेल आणि तार शक्यच नसेल, तर दोन डब्यांची मेश (एकमेकांशी वायफायने जोडलेले डबे) घ्यावी, पण दुसरा डबा बेडरूममध्ये न ठेवता वाटेत, जिथे पहिल्याचा ५ गिगाहर्ट्झचा संकेत अजून दमदार आहे तिथे ठेवावा.

उपकरणाचीही मर्यादा असते. काही स्वस्त मोबाइल आणि जुने लॅपटॉप केवळ २.४ वरच चालतात. त्यांना कोणताही राउटर वेगवान करू शकत नाही. उलट असे एक जुने उपकरण दूरच्या कोपऱ्यातून अगदी हळू बोलत राहिले, तर त्या चॅनेलवरचा वेळ ते खात बसते आणि इतरांनाही थांबावे लागते. स्मार्ट टीव्हीचा लॅन पोर्ट बऱ्याचदा १०० चाच असतो, पण नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे टीव्ही तारेवर घेऊन वायफायची गर्दी कमी करणे केव्हाही चांगले.

इथवरचे बेडरूमच्या वेगाबद्दल झाले. आता रात्रीच्या मीटिंगकडे येतो. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात, म्हणजे आपल्या त्या अठराच्या वेगातही ती चालायला हवी. ती तुटते, याचा अर्थ वेग कमी पडतो असा नसून पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, उशिरा पोहोचतात किंवा गळतात असा आहे. हे मोजण्यासाठी वेगाची चाचणी उपयोगाची नाही, पिंग लागते, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहणे. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत घरच्या डब्याला पिंग करावे, त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो; दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. विंडोजमध्ये पत्त्यानंतर एक जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे इंग्रजी अक्षर लिहिले की पिंग अखंड चालू राहते. मीटिंग सुरू असताना या दोन्ही खिडक्या डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

डब्याचे उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यावे. आवाज तुटतो त्या क्षणी हाच आकडा २००-३०० वर उडी मारत असेल, तर रात्रीचा त्रासही वायफायचाच आहे: सगळी इमारत घरी आलेली असते आणि हवेत गर्दी झालेली असते. डब्याचा आकडा स्थिर राहून फक्त बाहेरचा आकडा उसळत असेल, तर वायफाय निर्दोष आहे आणि दोष डब्याच्या पलीकडे आहे. यात पुन्हा दोन शक्यता उरतात, आणि त्यांतली पहिली आपल्याच घरातली आहे.

ती म्हणजे अपलोड भरून जाणे. मीटिंगमध्ये आपला आवाज आणि चित्र बाहेर जावे लागते. त्याच वेळी घरातले दुसरे काही अपलोडची वाट अडवून बसले, तर आपल्या आवाजाची पाकिटे डब्यातल्या रांगेत मागे उभी राहतात. काही प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, तिथे हे चटकन घडते. हे रात्रीच का होते, याचे एक कारण मला एका घरी नीट सापडले. त्या कुटुंबात रात्री जेवणे झाल्यावर चारही मोबाइल चार्जिंगला लागत. मोबाइल चार्जरवर आणि वायफायवर आला की अनेकांचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. त्यात दारावरचे आणि गॅलरीतले मिळून तीन कॅमेरे चोवीस तास चित्रण बाहेर पाठवत होते. रात्री सव्वानऊला मी पिंग पाहत बसलो होतो. बाहेरचा आकडा १२ वरून ४०० वर गेला आणि तिथेच रेंगाळला. मुलीचा मोबाइल चार्जरवरून काढायला सांगितला, तसा तो ९० वर आला. कॅमेऱ्यांची वायर काढली, तो पुन्हा १२ झाला. लाइन, कंपनी, राउटर, सगळे ठीक होते.

याचा उपाय बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतो. फोटोंचे बॅकअप मीटिंगच्या वेळी बंद ठेवावे, कॅमेऱ्यांना अखंड चित्रणाऐवजी हालचाल झाल्यावरच पाठवायला सांगावे, किंवा चित्रण घरातल्याच मेमरी कार्डवर साठवावे. राउटरमध्ये क्यूओएस किंवा स्मार्ट क्यू नावाची, कोणत्या पाकिटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी, सोय असेल, तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. मग रांग डब्यात साचत नाही. कंपनीच्या फुकट डब्यांत ही सोय फारशी चांगली नसते. नवा राउटर घेण्याचे एक पटण्याजोगे कारण मला इथे दिसते.

दुसरी शक्यता परिसरातल्या गर्दीची. घरगुती फायबर बहुतांश ठिकाणी जीपॉन पद्धतीचे असते. त्यात एका मुख्य तारेवर डाउनलोडसाठी सुमारे २.५ गिगाबिट आणि अपलोडसाठी त्याच्या निम्मी क्षमता असते, आणि ती स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग मागत नाहीत, या हिशेबावर ही व्यवस्था उभी आहे आणि बहुधा ती नीट चालते. कंपनीने पुढची लाइन पुरेशी घेतली नसेल, तर रात्री आठ ते अकरा या वेळात, विशेषतः क्रिकेटचा मोठा सामना असताना, ही कमतरता उघडी पडते. काही इमारतींत तर फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंतच येते आणि तिथल्या एका स्विचमधून घराघरांत तांब्याच्या तारा जातात. तो स्विच जुना १०० चा असेल तर सगळी इमारत त्याच्यामागे अडकते. तारेने सकाळी १९० आणि रात्री ६० मिळाले, तर तक्रार कंपनीकडेच न्यावी लागेल, आणि ती न्यायला आता आपल्या हातात पुरावा असेल.

कंपनीचा माणूस आला की तो एक छोटे यंत्र लावून "पॉवर ठीक आहे" असे सांगतो. ते खरे असते, पण त्याचा अर्थ समजून घ्यावा. जीपॉनचा सर्वसाधारण ओएनटी उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचू शकतो. मला स्वतःला उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान आकडा दिसला की समाधान वाटते, कारण पावसाळ्यात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले तरी थोडे अंतर शिल्लक राहते. ३ डीबी घटले की प्रकाश निम्मा होतो. मात्र पूर्वीच्या टेलिफोनच्या तारेवर जसा संकेत क्षीण झाला की वेग हळूहळू उतरत जाई, तसे फायबरवर होत नाही. मर्यादेच्या वर आहे तोवर उणे १८ आणि उणे २२ यांत वेगाचा फरक पडत नाही. मर्यादेजवळ गेल्यावर चुका वाढतात, लाल दिवा लुकलुकतो आणि कनेक्शन तुटते. म्हणून पॉवर ठीक असणे हे संध्याकाळच्या गर्दीवरचे उत्तर नाही, एवढे त्या माणसाला नम्रपणे सांगावे.

बाकीच्या लहान शक्यता भराभर पाहून घ्याव्यात. अनेक 'अनलिमिटेड' प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि ती संपली की वेग एकदम खाली येतो. कॅमेरे अखंड अपलोड करत असतील तर ती अपेक्षेपेक्षा लवकर संपते. डबा दिवसातून एक-दोनदा आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर थकलेला असतो, विशेषतः वारंवार वीज जाणाऱ्या भागात. वेग चांगला असून पाने उघडायला वेळ लागत असेल तर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून पाहावे. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर मीटिंग तुटत असताना त्याच वायफायवर मोबाइलवरून केलेला व्हिडिओ कॉल स्वच्छ चालत असेल, तर दोष ऑफिसच्या व्हीपीएनकडे (बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात सुरक्षितपणे जोडणारी सोय) असण्याचा संभव मोठा आहे; तो तिथल्या आयटी विभागाला कळवावा.

तक्रार करायची वेळ आलीच, तर "नेट स्लो आहे" असे लिहू नये. तीन दिवस सकाळी आणि रात्री तारेने मोजलेल्या वेगाचे, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट जोडावेत आणि असे लिहावे: "२०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ओएनटीच्या लॅन पोर्टवर थेट मोजले असता सकाळी इतका आणि रात्री इतका वेग मिळतो, घरातले वायफाय या चाचणीत वापरलेले नाही." या शेवटच्या वाक्यामुळे "तुमच्या वायफायचा प्रश्न आहे" हे ठरलेले उत्तर देता येत नाही. तक्रारीला मिळालेला डॉकेट क्रमांक जपून ठेवावा. समाधान न होता तक्रार बंद केली, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. ही दुसरी पायरी प्रत्येक कंपनीला ठेवावीच लागते आणि ती असते हे फार थोड्या ग्राहकांना ठाऊक आहे. ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नये.

हे सारे करूनही रात्रीचा वेग सुधारला नाही, तर कंपनी अवश्य बदलावी. मात्र नवीन कंपनीला पैसे भरण्यापूर्वी तिचे कनेक्शन असलेल्या, शक्यतो आपल्याच इमारतीतल्या, शेजाऱ्यांकडे रात्री साडेनऊला आपला लॅपटॉप आणि तार घेऊन जावे आणि त्यांच्या डब्यावर हीच चाचणी करून पाहावी. काही भागांत दोन वेगळ्या कंपन्यांची शेवटची तार एकाच स्थानिक केबल चालकाच्या पेटीतून येते, आणि तसे असेल तर बिलावरचे नाव बदलूनही रात्रीचे ६० तसेच राहतील.